सव्वा पट्टी

३ मार्च, सोमवार

हो म्हणून बसलो! फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर तारखेला गोल केला. बावीस वर्षांनी स्टेज — मोठा हॉल, दोन हजार खुर्च्या, सव्वीस एप्रिल. संयोजकबाई इतक्या उत्साहात होत्या की मी दोनदा विचारलं, "तुम्हाला मीच हवाय ना? की त्याच नावाचा दुसरा कुणी?" — "काय हे सर! 'थांब' सगळीकडे वाजतंय!"

वाजतंय खरं. कुणा जोडप्याने विमानतळावर निरोप घेतानाचा व्हिडिओ काढला, त्याला माझं गाणं लावलं, आणि बघता बघता ते लाखो फोनांवर गेलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं गाणं. त्या दोघांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

अट एकच. शेवटी 'थांब' झालंच पाहिजे. "रेकॉर्डवर आहे अगदी तस्संच, सर."

आनंद झाला. खूप झाला. सांगायला कुणी नव्हतं म्हणून भांडी घासली.

४ मार्च, मंगळवार

लेकीला फोन केला. ओरडलीच ती. मग लगेच — "बाबा, पण तुझा घसा?" तेवढ्यातच तिचा आनंद संपला. अगदी आईवर गेलीय.

६ मार्च, गुरुवार

दुकानात सांगितलं. वाद्यांच्या या दुकानात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गिटारी जुळवून देतोय, मालकाने मला फर्निचरमध्येच धरलं होतं. एप्रिलभर सुट्टी देतो म्हणाला. वर विचारतो कसा — "परत येणार ना?"

दुपारी एक मुलगी आली, 'थांब' शिकतेय. नेहमीचीच तक्रार. रेकॉर्ड लावून गिटार जुळवायला गेलं की सूर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी अडकतो. मीही नेहमीचंच उत्तर दिलं — ती रेकॉर्ड तशीच आहे. तिने मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

११ मार्च, मंगळवार

पहिली रिहर्सल. जुन्या बँडमधला आता फक्त ढोल्या उरलाय. ड्रमसमोर बसायला त्याला दोघांनी आधार दिला, पण काठ्या हातात आल्या आणि गडी तीस वर्षांचा झाला. गिटारवर एक बाई आहे, पस्तिशीची. कमी बोलते, वाजवते छान. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "शेवटचा 'थांब' तुम्ही घेणार आहात, की पट्टी उतरवायची?"

"पट्टी उतरणार नाही."

ढोल्याने वर पाहिलं. त्याला सगळं माहीत आहे.

इथे तरी खरं लिहायला हरकत नाही. मी हा कार्यक्रम तिच्यासाठी घेतलाय. लेकीच्या आईसाठी. ते गाणं तिच्यावरच केलं होतं. ती रोज सहाच्या बसने घरी जायची आणि मी रोज म्हणायचो, थांब, पुढच्या बसने जा. बस्स, एवढंच गाणं. पण रेकॉर्ड निघाली तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. मी ती घरी आणली, पिशवीतून काढली, लावली. सगळं गाव त्या शेवटच्या वरच्या सुरावर फिदा होणार होतं, आणि ही शांतपणे म्हणाली, "गाणं छान आहे. पण हा तुझा आवाज नाही."

आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मी तो सूर तिच्या नावाने लावला. घे! बघ, माझा आहे की नाही! कधी लागायचा, बरेचदा ओरडून ओढून आणायचो. वीस वर्षांत गळ्याची चाळण झाली. ऑपरेशन झालं, बँड मोडला, मी घरात बसून सगळ्यांवर खेकसत राहिलो, आणि एक दिवस ती बॅग भरून निघून गेली. तेव्हा 'थांब' म्हणायला माझा घसाही नव्हता आणि अक्कलही.

एकदा. फक्त एकदा तो सूर तिच्या कानावर घालायचाय, रेकॉर्डच्याच पट्टीत. मग घसा गेला तरी चालेल.

१२ मार्च, बुधवार

आज तीनदा घेतला. तीनदा फुटला. ढोल्या म्हणाला, "सोड ना राव." सोडत नाही!

१९ मार्च, बुधवार

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे. नाकातून नळी घातली, पडद्यावर माझाच गळा मला दाखवला. जुन्या जखमेच्या शेजारी दोन नवीन गाठी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. बाईंनी आडवळणाने सांगितलं नाही — "असंच ओरडत राहिलात तर गाणं सोडा, भाजीवाल्याशी बोलायलाही आवाज राहणार नाही."

"सव्वीस एप्रिलपर्यंत टिकेल?"

"तुम्ही सव्वीस एप्रिलला मरणार आहात का?"

मला आवडल्या बाई. सात दिवस मौन सांगितलंय. एक अक्षर बोलायचं नाही.

२७ मार्च, गुरुवार

मौन संपलं. रिहर्सलवाल्यांना कळवलं होतं, लेक परगावी होती, दुकानात आठवड्याची रजा टाकली होती. बाकी कुणाला सांगावंच लागलं नाही. सात दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नाही, त्यामुळे मी गप्प आहे हे कुणाला कळलंच नाही. पाव घ्यायला गेलो, बोटाने दाखवला, त्याने दिला. लिफ्टमध्ये शेजारीण मान हलवते, मी मान हलवली. झालं. बाईंनी महिनाभर सांगितलं असतं तरी सहज पार पडलं असतं.

आज सकाळी आठला पहिला शब्द बोललो. आरशात बघून. "काय?" असं विचारलं.

२ एप्रिल, बुधवार

गिटारवालीशी खटका. रेकॉर्डबरोबर वाजवून बघत होती, तीच तक्रार. "सर, ही रेकॉर्ड कुठल्याच पट्टीत नाही. मधेच लोंबकळतेय. का?"

"तशीच आहे ती."

"तशीच म्हणजे? तुम्ही चौघे गिटार घेऊन बसलात आणि जगातल्या कुठल्याही गिटारीशी जुळणार नाही असं वाजवलंत?"

एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. हजार वेळा त्या रेकॉर्डशी झुंजलो असेन, पण ती चुकली असेल असं मनात आलं नाही. चूक नेहमी माझीच धरली.

ढोल्या म्हणाला, रेकॉर्डिस्ट काका अजून आहेत म्हणे. मूळ टेपही त्यांच्याकडेच असेल, ते काही टाकत नाहीत.

९ एप्रिल, बुधवार

काकांकडे गेलो. गिटारवाली बरोबर होती, बरं झालं. एकटा असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

त्र्याऐंशीचे झालेत. मुलाकडे राहतात, मागच्या खोलीत. पलंग छोटा आणि टेपचं मशीन मोठं, त्यामुळे पाय मशीनखाली घालून झोपतात. मला बघून उठलेच नाहीत. म्हणाले, "आलास? मी वाटच बघत होतो. जरा जास्तच उशीर केलास."

काही न विचारता कपाटातून डबा काढला. स्पूल चढवलं, न बघताच टेप बरोबर खाचेत घातली. कळ दाबली.

आणि मी गायला लागलो.

मी! रेकॉर्डवरचा तो कोवळा, धारदार पोरगा नव्हे. आवाज जाड, जरासा खरखरीत, गाणं सावकाश. कुणाच्या पाठी लागल्यासारखं नाही. बसस्टॉपवर गायचो ना, तसंच. गिटारवालीने मांडीवरच्या गिटारीची तार छेडली — चोख जुळली. शेवटचा 'थांब' आला. तोही वरचाच सूर, पण गळ्यात मावणारा. मी ओरडतच नव्हतो. मी तिला विनवत होतो.

मला रडू आलं. लाज वाटली नाही.

काका म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मुलांच्या कार्यक्रमाचं काम होतं. उंदराचा आवाज हवा होता. माणसाने बोलायचं आणि टेप जोरात फिरवायची, की झाला उंदीर. म्हणून वेगाची खुंटी वर केली होती. दुपारी तुमची टेप चढवली, रेकॉर्डच्या कारखान्यात पाठवायची प्रत काढली. खुंटी पुरती खाली आलीच नव्हती रे."

"सव्वा पट्टी," गिटारवाली म्हणाली. "रेकॉर्ड सव्वा पट्टी वर आहे."

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"रेकॉर्ड निघाल्यावर आठव्या दिवशी. तोवर रेकॉर्ड दुकानात गेलेली, लोक वेडे झालेले. तूच धावत आलास, मला उचलून गोल फिरवलंस. म्हणालास, काका, काय आवाज लावलाय मी! मी काय सांगणार होतो? उंदराचा आहे म्हणून?"

गिटारवाली हसली, आणि हसतेय म्हणून घाबरली. मग मीही हसलो. हसता हसता त्यांची मान धरावीशी वाटत होती. माझा गळा, माझा बँड, माझं घर — एका खुंटीपायी! चहा न घेता निघालो. जिन्यावरून परत वर गेलो आणि चहा घेतला. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाशी भांडून काय मिळणार.

१० एप्रिल, गुरुवार

झोप नाही लागली. खुंटीने गाणं वर नेलं, मान्य. पण बायकोशी आठ दिवस अबोला कुणी धरला? खुंटीने?

तिला एकटीला कळलं होतं. त्या एवढ्या मोठ्या शहरात, पहिल्याच दिवशी, एकदाच ऐकून! हा तुझा आवाज नाही. नव्हताच! तिने टोमणा मारला असं मी समजलो. ती फक्त मला ओळखत होती.

११ एप्रिल, शुक्रवार

तिला फोन केला. वीस वर्षांनी. वाजून वाजून बंद झाला.

१२ एप्रिल, शनिवार

परत केला. दुपारी आणखी एकदा. शेवटी निरोप ठेवला, दीड मिनिट बोललो. काकांचं, उंदराचं, सगळं सांगितलं. माफ कर म्हणालो. हा शब्द तोंडातून काढायला मला किती कष्ट पडतात ते तिला ठाऊक आहे.

संध्याकाळी मेसेज आला. "तुझे फोन आलेले दिसले. काही काम असेल तर लेकीला सांग."

काम! दीड मिनिट काळीज काढून ठेवलं आणि ही म्हणते, काम असेल तर.

१५ एप्रिल, मंगळवार

ठरलं. 'थांब' खऱ्या पट्टीत गाणार. संयोजकबाईंचा चेहरा पडला. "लोकांना वाटेल सर, की तुम्हाला जमत नाही म्हणून उतरवलंत." वाटू दे. ढोल्याने काठ्या आपटून टाळ्या वाजवल्या. एवढा खूश तो स्वतःच्या लग्नातही नव्हता.

आज सबंध गाणं गायलो. घसा दुखला नाही. माझंच गाणं, माझ्याच गळ्यातून, न दुखता — रेकॉर्ड निघाल्यापासून पहिल्यांदा, सदुसष्टाव्या वर्षी.

१७ एप्रिल, गुरुवार

लेक आली होती. तिकिटं दिली, दोन. एक तुझं, एक आईचं.

"बाबा, आईबद्दल तुला एक—"

"मला तिच्याबद्दल काही ऐकायचं नाही. रागावलीय, कळलंय मला. येणार की नाही तेवढं विचारून सांग."

तिने तिकिटं पर्समध्ये टाकली. निघताना माझी कॉलर सारखी करून गेली.

१९ एप्रिल, शनिवार

लेकीचा फोन. येणार आहे! "पण तिला अगदी पुढची जागा हवी. जमेल?"

जमेल? दोन हजार खुर्च्या उचलून मागे टाकतो म्हणावं!

२५ एप्रिल, शुक्रवार

साउंड चेक. रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो. इथे बसणार ती. इथून मी केवढा दिसेन ते बघितलं. चांगलाच मोठा दिसेन. दाढी करायला हवी.

मग माईकवर गेलो आणि त्या खुर्चीकडे बघून बोलायची तयारी केली. उंदराची गोष्ट सगळ्यांदेखत सांगणार आहे. चारचौघांत तिला खोटं पाडलं होतं मी, कैक वेळा. आता दोन हजार लोकांसमोर खरं ठरवायचं.

२७ एप्रिल, रविवार

काल झालं. आज सकाळी कॉफी घेऊन लिहायला बसलोय, तीही गार झाली.

लोक उभे राहिले होते. मी काही गायच्या आतच! पहिली दोन गाणी कशी गेली ते आठवत नाही. मग घामाने चष्मा घसरला, तो पुसून घातला, आणि ती दिसली. केस पांढरे, आखूड कापलेले. निळा स्वेटर. शेजारी लेक. टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. म्हटलं, तपासतेय. तपास बाई, आज बिनधास्त तपास.

'थांब'च्या आधी माईक हातात घेतला. सगळं सांगितलं. उंदीर ऐकल्यावर हॉल असा हसला की ढोल्याला झांज हाताने धरावी लागली. मग म्हणालो, "ही चूक जगात एकाच माणसाला पहिल्या दिवशी कळली होती. माझ्या बायकोला. ती म्हणाली, हा तुझा आवाज नाही. मी तिचं ऐकलं नाही. चूक माझी होती." आणि खाली पाहिलं.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. ती एकटी दगडासारखी बसलेली. हसली नाही, मान खाली घातली नाही, काही नाही. लेक रडत होती आणि ही तिच्याकडे वळून बघत होती, काय झालं असं!

मी गायलो. चांगलं गायलो, हे मला माहीत आहे. मागच्या रांगांतली पोरं रेकॉर्डच्या पट्टीत गायला गेली आणि आपटली, मग हळूहळू माझ्या पट्टीत आली. शेवटचा 'थांब' मी एकट्यानेच घेतला, हळू, तिच्यासाठी. ती पुढे वाकली होती. दोन्ही तळवे समोरच्या स्टेजच्या फळीला लावून बसली होती.

गाणं संपलं. लोक उठले. तिने आजूबाजूला पाहिलं, आणि सगळे वाजवतायत बघून मग टाळ्या वाजवल्या. लोकलाजेखातर!

भेटायला आत आली नाही. लेक येऊन गळ्यात पडली, "आई खाली गाडीत आहे, तिला गर्दीत त्रास होतो." मी म्हटलं, ठीक आहे. काय म्हणणार? बाहेर तीनशे माणसं सह्या घ्यायला उभी होती. सगळ्यांना दिल्या. घरी आलो, दिवा लावला, कोट खुर्चीवर टाकला. दोन हजार लोकांना मी आवडलो.

एवढं मोठं काय केलं होतं मी, की तिने माफही करू नये?

२८ एप्रिल, सोमवार

लेकीला फोन करून भांडलो. म्हटलं, तुझ्या आईला एक शब्दही बोलवला नाही? गाणं कसं वाटलं एवढं तरी?

तिने मला बोलून संपवू दिलं. मग म्हणाली, "बाबा, आईला ऐकू येत नाही. दोन्ही कान गेले. चार वर्षं झाली."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

"मग ती आली कशाला?"

"ते तूच विचार तिला."

उद्या सकाळी जातोय. बोलायचं ते सगळं लिहून न्यायला लागणार. दुपारपासून वेगळा कागद घेऊन बसलोय. अजून एकच ओळ झालीय — कशी आहेस?